तोफांसाठी मोकळं केलेलं मैदान



फौजेत असताना दर दोन-तीन वर्षांनी ट्रंका भरायच्या, नव्या गावात उतरायचं आणि पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी शोधायच्या: मुलांची शाळा, गॅसची एजन्सी आणि जवळची बाग. पहिल्या दोन घरच्या हुकमाने. तिसरी माझी स्वतःची. आजचा लेख या तिसऱ्या गोष्टीवर आहे.

आपल्यातल्या पुष्कळांचा अनुभव सारखाच असेल. नोकरीत असेपर्यंत पहाटेची शिट्टी वाजली की पाय आपोआप पीटी ग्राउंडकडे वळायचे. वर्षातून ठरलेल्या वेळी बीपीईटीची पाच किलोमीटरची दौड, पीपीटीची दोन पूर्णांक चार किलोमीटरची दौड, दोर, बीम, नऊ फुटांचा खड्डा. पास व्हायचंच, नाहीतर नाव बोर्डावर. मग पेन्शन येते, शिट्टी बंद होते आणि वर्षभरात पँटची कंबर दोन इंच वाढते. वीस-पंचवीस वर्षं पळालेला माणूस कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला स्कूटर काढतो.

त्याच वेळी सार्वजनिक बागेत एखादे सत्तर वर्षांचे आजोबा, ज्यांना आयुष्यात कोणी फॉलिन केलं नाही, ते पाऊस असो की थंडी, रोज पाच फेऱ्या मारत असतात. त्यांच्यावर कोणाचा हुकूम नाही, त्यांची हजेरी कोणी घेत नाही. मग ते का येतात? मी या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच शहरांतल्या बागांत शोधलं, आणि मला ते सगळ्यात स्पष्ट मिळालं कोलकात्याच्या मैदानात. कारण ही जागा लोकांच्या व्यायामासाठी बनलीच नव्हती. ती बनली होती तोफांसाठी.

मराठा खंदकापासून सुरुवात

या गोष्टीची सुरुवात आपल्याच लोकांपासून होते. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून जाऊ लागल्या. भास्करराम कोल्हटकर त्यांचे सेनापती. बंगाली माणूस या स्वारांना ‘बर्गी’ म्हणतो. शब्द आपल्या ‘बारगीर’चाच. या बर्गींच्या भीतीचं अंगाईगीत बंगाली घरांत आजही म्हटलं जातं. कोलकात्यात एका शेजाऱ्यांच्या घरी आजीबाई नातवाला ते म्हणत होत्या. मी मराठी आहे हे कळल्यावर हसून म्हणाल्या, "तोमरा तो बर्गी!" मी म्हटलं, "आजी, आता ड्युटी बदलली आहे. आता तुमच्याच पहाऱ्यावर आहे."

या भीतीने १७४२ साली कोलकात्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. साधारण सात मैलांचा बेत होता. सहा महिन्यांत तीनेक मैल खणून झाला आणि मराठे काही तिथपर्यंत आले नाहीत, म्हणून काम थांबलं. हाच तो ‘मराठा डिच’. १७९९ मध्ये तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड केला गेला. आज उत्तर कोलकात्यात बागबाजारला ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली तेवढी उरली आहे. मी मुद्दाम जाऊन बघून आलो. अरुंद गल्ली, वाळत घातलेले कपडे, एक चहावाला. आपल्या पूर्वजांच्या दहशतीचं स्मारक म्हणून अगदीच साधं.

मराठे आले नाहीत, पण १७५६ च्या जूनमध्ये नवाब सिराजउद्दौला आला. अर्धवट खंदकाचा काही उपयोग झाला नाही. जुना फोर्ट विल्यम तर गोदामांच्या आणि घरांच्या गर्दीत अडकलेला होता. आसपासच्या उंच इमारतींमधून किल्ल्यावर मारा करता येत होता, आणि किल्ल्यातल्या तोफांना समोर मोकळी जागाच नव्हती. शिकलेल्या कुठल्याही सैनिकाला हे कळेल. ज्याला आपण ‘फील्ड ऑफ फायर’ म्हणतो, ते नसेल तर तोफ म्हणजे नुसतं लोखंड.

१७५७ च्या जानेवारीत क्लाइव्हने शहर परत घेतलं, जूनमध्ये प्लासी झाली, आणि १७५८ मध्ये हुगळीच्या काठी थोडं दक्षिणेला नव्या किल्ल्याचं काम सुरू झालं. ते १७८१ पर्यंत चाललं. या वेळी इंग्रजांनी धडा घेतला होता. किल्ल्याभोवतीचं जंगल तोडलं. गोविंदपूर नावाचं नांदतं गाव उठवलं. तिथल्या लोकांना तालतला, कुमारटुली, शोभाबाजार अशा भागांत जागा दिल्या. किल्ल्याच्या तटावरून चहूकडे दूरवर नजर जाईल आणि तोफेचा गोळा जाईल, एवढी जमीन सपाट व मोकळी केली. हीच जमीन म्हणजे आजचं मैदान. बंगाली लोक त्याला ‘गडेर माठ’ म्हणतात, म्हणजे किल्ल्याचं मैदान.

आणि गंमत अशी की त्या नव्या किल्ल्याच्या तटावरून शत्रूवर एकदाही तोफ डागावी लागली नाही. गोळ्यांसाठी राखलेली जागा रिकामीच राहिली.

मोकळ्या जागेत काय काय आलं

रिकामी जागा फार दिवस रिकामी राहत नाही. आधी आले साहेब लोक, संध्याकाळी बग्गीतून हवा खायला. ‘हवा खाणं’ हा आपल्याकडचा शब्दप्रयोग त्या काळच्या कोलकात्याच्या साहेबाला तंतोतंत लागू पडतो. घोडा पळायचा, साहेब बसून राहायचा. १८२० च्या सुमारास दक्षिणेला घोड्यांची शर्यत आली. गव्हर्नर जनरल ऑकलंडच्या ईडन आडनावाच्या बहिणींवरून ओळखली जाणारी बाग उत्तरेला झाली, आणि १८६४ मध्ये तिच्या शेजारी क्रिकेटचं ग्राउंड झालं. तेच ईडन गार्डन्स. १८२८ मध्ये नेपाळ युद्धातल्या ऑक्टरलोनीच्या नावाने उंच मनोरा उभा राहिला. १९६९ पासून त्याचं नाव शहीद मिनार आहे. १९२१ मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल उघडलं. दुसऱ्या महायुद्धात रेड रोडवरून लढाऊ विमानं उडाली. सरळ, रुंद आणि दोन्ही बाजूंना मोकळं मैदान, म्हणजे तयार धावपट्टीच. १९८४ च्या २४ ऑक्टोबरला देशातली पहिली मेट्रो धावली, तिच्या पहिल्या टप्प्यातल्या एका स्टेशनाचं नावच ‘मैदान’ आहे.

एवढं सगळं येऊनही साधारण हजार एकरांच्या या पसाऱ्याचा बराचसा भाग गवतच राहिला. याचं कारण जमिनीची मालकी संरक्षण खात्याची आणि निगराणी लष्कराची. मैदानावरच्या खेळाच्या क्लबांना पक्की इमारत बांधता येत नाही, म्हणून मोहन बागान असो की ईस्ट बंगाल, त्यांच्या मैदानावरच्या ठिकाणाला लोक आजही ‘टेंट’च म्हणतात. आपल्याला तंबू म्हटलं की कॅम्प आठवतो. कोलकात्याच्या माणसाला फुटबॉल आठवतो.

अनवाणी संघ

आता ज्या दिवसाने हे मैदान खऱ्या अर्थाने तिथल्या माणसाचं झालं, त्या दिवसाबद्दल.

इंग्रजांनी बंगाली माणसाला नाजूक, दुबळा, लढाईला नालायक ठरवलं होतं. मेकॉलेसारख्यांनी तसं लिहून ठेवलं. १८५७ नंतर ‘लढाऊ जाती’ची कल्पना फौजेच्या भरतीत पक्की झाली, तेव्हा बंगाल्यांना दार बंदच होतं. या टोमण्याचं उत्तर बंगालने आखाड्यांतून द्यायला सुरुवात केली. गल्लोगल्ली कुस्ती, लाठी, कसरत. १९०२ मध्ये सुरू झालेली अनुशीलन समिती आधी व्यायामाची मंडळी म्हणूनच ओळखली जायची. आपल्याकडच्या तालमी आणि व्यायामशाळांचा त्या काळातला इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. शरीर कमावणं ही तेव्हा राजकीय गोष्ट होती.

पण आखाडा चार भिंतींच्या आत असतो. उघड्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर साहेबाशी भिडायची जागा एकच, मैदान. २९ जुलै १९११ रोजी आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानची गाठ ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या संघाशी पडली. मोहन बागानच्या संघात एकटे सुधीर चॅटर्जी बूट घालून खेळले, बाकीचे दहा अनवाणी. समोर बूट घातलेले गोरे सोल्जर. आधी एक गोल इंग्रजांचा झाला. मग शिबदास भादुरींनी बरोबरी केली आणि शेवटी अभिलाष घोषांनी दुसरा गोल मारला. २-१. सामना बघायला हजारो लोक लोटले होते. मागच्यांना काही दिसत नव्हतं, तेव्हा पतंगावर स्कोअर लिहून तो आकाशात चढवला गेला, असं सांगतात.

हरलेला संघ फौजेचा होता, म्हणून फौजी माणसाने वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. ती फौज परक्याची होती. सहाच वर्षांत, १९१७ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या गरजेने त्याच सरकारला बंगाली पलटण उभी करावी लागली. तिचं नाव ४९वी बंगाली. कवी काझी नझरुल इस्लाम याच पलटणीत होते. आज डुरंड कपसारखी फौजेने जपलेली जुनी फुटबॉल स्पर्धा, जी १८८८ मध्ये सिमल्यात सुरू झाली, ती २०१९ पासून कोलकात्यात भरते. तिथे बंगाली पोरं आपल्या फौजी संघांनाही मनापासून टाळ्या देतात. शिव्याही देतात, पण ते फुटबॉलमध्ये चालायचंच.

लोक का येतात

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मी तिथे असताना सुटीच्या सकाळी मैदानाला लांब फेरी मारायचो. धुकं असायचं, गवत ओलं, कुठे घोडे चरत, कुठे शेळ्या-मेंढ्यांचा कळप, मागे व्हिक्टोरियाचा पांढरा घुमट अर्धाच दिसायचा. आणि माणसं. कोणी पळतंय, कोणी नुसतं चालतंय, कोणी झाडाखाली कपालभाती करतंय. एकाच पट्ट्यात सात-आठ क्रिकेटचे डाव चाललेले, एकाचा लाँग-ऑन दुसऱ्याचा विकेटकीपर. कोणाचा बॉल कोणाकडे जातो याचा हिशेब त्या पोरांनाच कळतो.

तिथे एक निवृत्त ट्राम कामगार रोज भेटायचे. मी त्यांना ‘दादा’ म्हणायचो, ते मला ‘फौजी दादा’. एकदा मी विचारलं, तुमच्या घराजवळ जिम आहे, क्लब आहे, इतक्या लांब का येता? ते म्हणाले, "दादा, क्लब में जाने से पैसा लगता है, पहचान लगता है. इधर खाली जूता लगता है. वो भी नहीं है तो चलेगा." १९११ चा अनवाणी संघ मला त्या वेळी आठवला.

चालण्याने शरीराला काय मिळतं याबद्दल आता शंका उरलेली नाही. १९५३ मध्ये जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या बसमधल्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना केली. दिवसभर बसून असलेल्या ड्रायव्हरांपेक्षा दुमजली बसचे जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. घर तेच, पगार जवळपास तोच, फरक पायांचा. जागतिक आरोग्य संघटना आज प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते, आणि पासष्टीच्या पुढच्यांना आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारा व्यायामही सांगते. १५० मिनिटं म्हणजे आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास. आपल्यासाठी काहीच नाही.

पण आकडा माहीत असून माणूस घराबाहेर पडत नाही. तो पडतो ते तिथे गेल्यावर बरं वाटतं म्हणून. मला वेगवेगळ्या गावांत जे दिसलं त्यावरून सांगतो. माणसाला बागेत समाधान मिळतं ते कारंज्यामुळे किंवा रंगीत दिव्यांमुळे फार कमी. ते मिळतं पायाखालच्या वाटेमुळे, सावलीमुळे, स्वच्छ संडास आणि पिण्याच्या पाण्यामुळे, ओळखीच्या चेहऱ्यांमुळे, आणि आपल्याला इथून कोणी हाकलणार नाही या खात्रीमुळे. जिथे हे आहे तिथे म्हातारी माणसं येतात. म्हातारी माणसं आली की बायका येतात. बायका आल्या की मुलं येतात. जिथे हे नाही, तिथे सकाळी पळणारे चार तरुण आणि रात्री बाटल्या.

मैदानाची उणी बाजूही हीच. एवढ्या मोठ्या उघड्या जागेत अंधार पडल्यावर बायका दिसत नाहीत. व्हिक्टोरिया मेमोरियलच्या बागेत मात्र त्या निवांत चालतात. भवानीपूरच्या एक ताई माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, "इथे फाटक आहे, रखवालदार आहे, म्हणून घरचे सोडतात." आता यात पेच आहे. फाटक आलं की तिकीट येतं, आणि तिकीट आलं की ट्रामवाल्या दादांसारखा माणूस बाहेर राहतो. फाटक नसेल तर ताई बाहेर राहतात. दोघांनाही आत घेणारी बाग बनवणं हे कुठल्याही शहराचं अवघड काम आहे, आणि नुसती भिंत घालून किंवा नुसती भिंत पाडून ते होत नाही. दिवे लागतात, माणसं नेमावी लागतात, संडास धुवावे लागतात. रोज.

बेंगळुरूच्या कब्बन पार्कात मला याचं एक साधं उत्तर दिसलं. ही बाग १८७० मध्ये रिचर्ड सँकी या फौजी इंजिनियरने आखली, एका बाजूला कँटोनमेंट आणि दुसऱ्या बाजूला जुनी पेठ यांच्या मध्ये. बागेच्या आतून वाहतुकीचे रस्ते जातात, एरवी तिथे गाड्यांची वर्दळ. पण रविवारी ते रस्ते गाड्यांना बंद होतात. काही बांधलं नाही, काही विकत आणलं नाही, फक्त गाड्या थांबवल्या. त्या दिवशी लहान मुलं रस्त्याच्या मधोमध सायकल शिकतात आणि आजी-आजोबा कडेला न दबकता चालतात.

दिल्लीची लोदी गार्डन १९३६ मध्ये लेडी विलिंग्डन पार्क म्हणून उघडली. तिथेही सय्यद आणि लोदी सुलतानांच्या मकबऱ्यांभोवती वसलेलं खैरपूर नावाचं गाव उठवलं होतं. आज दिल्लीतले मोठे अधिकारी आणि त्यांचे ड्रायव्हर एकाच वाटेवरून चालतात, भले वेगवेगळ्या वेळी. गोविंदपूर आणि खैरपूर या दोन गावांची नावं मी मुद्दाम लिहितो आहे. आपण ज्या मोकळ्या हवेत फेऱ्या मारतो, ती कोणाच्या तरी अंगणावरची आहे. म्हणूनच ती जागा पुढे मूठभरांच्या हाती गेली, तर त्या लोकांवर दुसऱ्यांदा अन्याय होईल.

आपल्याकडची उदाहरणं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. पुण्याची एम्प्रेस गार्डन मुळात गोऱ्या शिपायांच्या विरंगुळ्यासाठी होती, तिचं जुनं नावच सोल्जर्स गार्डन. दादरचं शिवाजी पार्क १९२५ मध्ये खुलं झालं आणि अवंतिकाबाई गोखल्यांच्या आग्रहाने १९२७ मध्ये त्याला महाराजांचं नाव मिळालं. तिथे मैदानाइतकाच महत्त्वाचा आहे तो भोवतीचा कट्टा. चालून दमलेला माणूस तिथे बसतो, आणि बसलेल्या माणसाला चालणाऱ्याची लाज वाटून तो उठतो. १३ मार्च १९९५ रोजी मुंबईच्याच एका बागेत डॉ. मदन कटारियांनी अवघ्या पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला, तो पुढे जगभर गेला. सुरुवातीला त्यांच्याजवळ जागेचं भाडं नव्हतं की यंत्रं नव्हती. बाग होती.

‘नाही’ म्हणणारा कोणीतरी

मैदान टिकलं याचं एक कारण लोकांना फारसं आवडत नाही. ते कारण म्हणजे लष्कराने वेळोवेळी म्हटलेलं ‘नाही’. पक्कं बांधकाम? नाही. कायमचा मंडप? नाही. सभेला परवानगी मागा, नंतर जागा साफ करून द्या.

सगळ्यात मोठी जखम झाली ती पुस्तक मेळ्याची. १९७६ पासून कोलकाता पुस्तक मेळा मैदानावर भरायचा. बंगाली माणसाच्या आयुष्यात पुस्तक मेळा म्हणजे आपल्याकडे गणपती आणि साहित्य संमेलन एकत्र भरल्यासारखं. पण लाखो पायांनी उडणारी धूळ, तुडवलेलं गवत आणि मागे उरणारा कचरा यावरून पर्यावरणवाले कोर्टात गेले आणि २००७ मध्ये मेळ्याला मैदान सोडावं लागलं. बंगाली मित्रांशी या विषयावर बोलताना मी जपून बोलतो. त्यांचं दुःख खरं आहे. मैदानावरच्या थंडीत पुस्तकं चाळण्यात जे सुख होतं ते बंदिस्त जागेत नाही, असं ते म्हणतात आणि मला पटतं. पण मेळा दुसरीकडे भरू शकला. गवत दुसरीकडे नेता आलं नसतं. आज मेळ्यासाठी ‘हो’ म्हटलं की उद्या गाड्यांच्या प्रदर्शनाला, परवा लग्नाच्या मंडपाला कोणत्या तोंडाने नकार द्यायचा?

सगळीकडे लष्कर नसतं, म्हणून इतर शहरांना हे ‘नाही’ कायद्यात लिहावं लागलं. कर्नाटकाने १९७५ मध्ये सरकारी उद्यानांच्या जतनाचा कायदा केला, तो कब्बन पार्क आणि लालबागसारख्या बागांसाठी. पण कायदा कपाटात असतो. तो बाहेर काढणारे हात लागतात, आणि ते हात नेहमी रोज चालणाऱ्यांचे असतात. बागेचा एक कोपरा पत्र्यांनी झाकला गेला की पहिल्यांदा त्यालाच दिसतो ज्याची पाचवी फेरी तिथून जाते. वर्षातून एकदा फुलांचं प्रदर्शन बघायला येणाऱ्याला तो दिसत नाही.

इथे मला पहारा आठवतो. संतरीचं काम फार हुशारीचं नसतं. रोज तीच वाट, तेच कोपरे, तेवढ्याच वेळा. पण रोज बघितल्यामुळे काल नसलेली वस्तू आज त्याला लगेच खुपते. सार्वजनिक बागेत फेऱ्या मारणारी म्हातारी मंडळी हेच करत असतात. त्यांना वाटतं आपण साखर कमी करतोय.

म्हणून पेन्शनीत आलेल्या माझ्या भावांना एक विनंती. ट्रेडमिल घेऊ नका, घेतलीच असेल तर तिच्यावर वाळत घातलेले कपडे काढून कोणाला तरी देऊन टाका. गावातली, वॉर्डातली, कँटोनमेंटच्या कडेची जी काही सार्वजनिक जागा असेल तिथे रोज अर्धा तास जा. स्टॉपवॉच घरी ठेवा. पहिल्या महिन्यात फक्त चाला. दुसऱ्या महिन्यात चार माणसांची नावं माहीत करून घ्या. तिसऱ्या महिन्यात संडासाला कुलूप का आहे, दिवा का बंद आहे, घसरगुंडीचा पत्रा कोण बदलणार, हे नगरपालिकेत जाऊन विचारा. अर्ज लिहायचा, त्याची पोच घ्यायची आणि पाठपुरावा करायचा हे आपल्याला फौजेने चांगलं शिकवलं आहे. बरोबर वहिनींनाही न्या. दोन-चार घरच्या बायका नेमाने दिसू लागल्या की बाकीच्या घरांतून बायका निघायला वेळ लागत नाही.

कोलकात्याच्या त्या किल्ल्याचं नाव आता फोर्ट विल्यम राहिलेलं नाही. लष्कराने ते बदलून विजयदुर्ग केलं आहे, आपल्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरून, आणि त्याच्या दक्षिणेकडच्या सेंट जॉर्ज दरवाजाला शिवाजी गेट म्हणतात. मराठ्यांच्या धास्तीने जिथे खंदक खणला, त्या शहरातल्या किल्ल्याला शेवटी मराठ्यांच्या आरमारी किल्ल्याचं नाव मिळालं. कोलकात्याला कधी गेलात तर व्हिक्टोरिया बघा, ईडन बघा, पण एक सकाळ मैदानासाठी ठेवा. सहाच्या आत पोहोचा. बूट नसले तरी चालेल.

जय हिंद.